जांभईने उचललेला हात

रोज दुपारी स्वयंपाकघर आवरलं की मी वही घेऊन बसते. कोण आलं, काय घडलं, देवाच्या कृपेने काय निभावलं, असं चार ओळींत लिहून मोकळी होते. माझ्या थोरल्या नणंदेचं मात्र चार ओळींत भागत नाही. कितीही नीट घडी घाला, कुठून तरी एक टोक बाहेर राहतंच. म्हणून आज सलग लिहायला बसले आहे.

वन्सं दुरुस्तीची शिलाई करतात. नवा कपडा त्यांनी क्वचितच शिवला असेल. नव्याचे लाड करायला सगळी दुनिया बसली आहे, जुन्याकडे बघणारं कुणीतरी नको का, असं त्यांचं म्हणणं. उताराच्या रस्त्यावर तळमजल्याची एक खोली, दोन पायऱ्या चढून आत जायचं. खिडकीला लागून पायाने चालवायचं मशीन. भिंतीवर खुंट्या आणि खुंट्यांवर लोकांचे कपडे, आपापल्या पाळीची वाट बघत. कोपऱ्यातल्या खुर्चीवर काजवाली. ती काजं करते, बटणं लावते, म्हणून तिचं हे नाव पडलं. वन्संना ती मावशी म्हणते. वन्सं तिला दिवसभर रागावत असतात, आणि रागावून झालं की आपल्या डब्यातलं अर्धं तिच्यापुढे सरकवतात.

वन्संची ख्याती कॉलरीची. शर्ट मानेशी घासून घासून आधी कॉलर विरते, बाकीचा शर्ट धडधाकट असतो. वन्सं ती कॉलर उसवतात, उलटी करतात, विरलेली बाजू खाली घालून पुन्हा टीप मारतात. शर्टाला नवं आयुष्य मिळतं. आमचे हे म्हणतात, माझ्या बहिणीने निम्म्या गावातल्या पुरुषांची मान ताठ ठेवली आहे.

त्यांच्या दुकानाची एक रीत आहे. गिऱ्हाइकाने कपडा पुढे केला की त्या आधी विचारतात, "कशासाठी?" लोक गोंधळतात. फाटलाय, शिवून द्या, यात कशासाठी काय आलं? पण वन्संचं म्हणणं, भोक तेच असलं तरी टाका तोच नसतो. बागेत खुरपायला घालायचा कोट असेल तर मजबूत हवा, नोकरीच्या मुलाखतीला घालायचा असेल तर दिसता कामा नये. एकदा एक बाई वडिलांचा शर्ट घेऊन आली. वडील नुकतेच गेलेले, कॉलर पार विरलेली. कशासाठी, विचारल्यावर ती म्हणाली, नुसता कपाटात ठेवायला. वन्संनी घडी करून शर्ट तसाच परत दिला. म्हणाल्या, "ही झीज म्हणजेच तुमचे वडील. मी कॉलर उलटली तर शर्ट नवा दिसेल आणि वडील आत जातील."

माझ्यावरही हा प्रश्न एकदा आला होता. सकाळी माझ्या हातात जपमाळ होती, बोटं एकेक मणी पुढे सारत होती, आणि त्याच वेळी मी दारातल्या दूधवाल्याला दुधात पाणी किती हे ऐकवत होते. वन्सं नेमक्या आल्या. "वहिनी, जप चाललाय की नुसती बोटं चालली आहेत?" मला झोंबलं. पण टोमणा मारला नाही तर नणंद कसली, असं म्हणून मी तो सोडून दिला. मी सोडला, त्याने मला काही सोडलं नाही.

गेल्या थंडीत एका सकाळी दुकानातच वन्संच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. काजवाली जवळ होती म्हणून वेळेवर दवाखान्यात पोचल्या. वाचा शाबूत राहिली. ती गेली असती तर तुम्हाला केवढी शांतता मिळाली असती, हे त्यांचंच बोलणं. त्या आमच्या घरी राहायला आल्या. पाय हळूहळू जमिनीला लागू लागला. डावा हात मात्र खांद्यापासून ओल्या टॉवेलसारखा लोंबत राहिला. भेटायला येणारे म्हणत, नशीब समजा, डावाच गेला, उजवा वाचला. वन्सं मान डोलवत. पाहुणे गेल्यावर मला म्हणाल्या, "उजवा नुसतं चाक फिरवतो गं. कापड कुठे चाललंय, ते डाव्यालाच कळतं."

ह्यांनी मनात सगळं ठरवून टाकलं होतं. ताईने आता आमच्याकडेच राहायचं आणि आराम करायचा. दुकान काजवालीने चालवावं, मशीनही तिलाच द्यावं. त्यांच्या बोलण्यात कंजूषपणा नव्हता, ओझं झाल्याची भावनाही नव्हती. भीती होती ती त्या दोन पायऱ्यांची. ताई तिथून पडलेली मला स्वप्नात दिसते, असं त्यांनी मला सांगितलं होतं.

वन्संनी भावाचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझ्या घरी मला सगळं मिळतं रे. पण दुकानात लोक माझ्याकडे मागायला येतात."

हे पुन्हा पायऱ्यांचंच सांगू लागले. शेवटी वन्संनीच तोडगा काढला. उन्हाळा संपेपर्यंत थांबायचं. तोवर एक कॉलर त्यांनी स्वतःच्या दोन हातांनी उलटली तर दुकान त्यांचं. नाही जमली तर किल्ली त्या स्वतः काजवालीच्या हातात देतील, तोंड वाकडं न करता. हे बोलताना झटक्याने जरासं वाकडं झालेलं त्यांचं तोंड आणखीच वाकडं झालं, आणि सगळ्यांत आधी त्यांनाच हसू फुटलं.

व्यायाम शिकवायला एक तरुण बाई घरी यायच्या. फार गोड स्वभाव, कंटाळा म्हणून नाही. टेबलावर प्लास्टिकचे पेले मांडायच्या आणि डाव्या हाताने एकेक पेला इकडून तिकडे ठेवायला सांगायच्या. वन्सं दात आवळून जोर लावायच्या, कपाळावर घाम यायचा, पण हात मांडीवरून हलायचा नाही. बाई गेल्या की त्या हाताकडे बघत बसायच्या, उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.

एका दुपारी मी भाजी निवडत होते. वन्सं समोर खुर्चीत. त्यांना जांभई आली, चांगली लांबलचक, आणि मांडीवरचा डावा हात आपोआप वर उचलला गेला. कोपरात वाकला, छातीपर्यंत आला, बोटंसुद्धा किंचित उघडली. जांभई सरली आणि हात धपकन खाली पडला.

माझ्या हातातली जुडी खाली पडली. मी ह्यांना हाक मारली. ते एका पायात चप्पल घालून धावत आले. आम्ही दोघं वन्संच्या तोंडाकडे टक लावून बसलो, आणि थोड्या वेळाने पुन्हा जांभई आली, पुन्हा हात उठला. ह्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. मी देवापुढे दिवा लावला. वन्सं तेवढ्या उजव्या हाताने डावा उचलून मांडीवर नीट ठेवत होत्या.

आणि मग आमच्या घरात जांभयांचं पर्व सुरू झालं. एकाची जांभई दुसऱ्याला लागते, हे ह्यांना ठाऊक होतं. म्हणून जेवणं झाली की ते वन्संच्या समोर खुर्ची टाकून बसायचे आणि मान मागे टाकून मोठमोठ्या जांभया द्यायचे. मलाही बोलवायचे. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या तर त्यांनाही बसवलं. वन्सं ओठ घट्ट मिटून धरायच्या, पण समोर तीन माणसं जबडे फाडत असताना किती वेळ टिकणार? त्यांची जांभई निघायची, हात उठायचा, हे टाळ्या वाजवायचे आणि काल खांद्याच्या खाली होता, आज खांद्याला लागला, असं सगळ्यांना सांगायचे. मला तर प्रार्थनेला डोळे मिटले तरी जांभया येऊ लागल्या.

हा कार्यक्रम ऐन रंगात असताना एकदा व्यायामाच्या बाई आल्या. काय चाललंय ते कळल्यावर हसता हसता त्यांना खाली बसावं लागलं. मग ह्यांचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं आणि शांतपणे समजावलं. जांभईबरोबर हात उठणं, हे शरीर आपलं आपण करतं. डोळ्यात कचरा गेला की पापणी मिटते, तसंच. माणूस मनात आणून काही करायला निघतो, तो रस्ता निराळा असतो. वन्संचा बंद पडलाय तो हा रस्ता. जांभयांनी तो उघडणार नाही.

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. वन्संनी उजवा हात पुढे करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तो हात आपला आपण वागला रे, मी काही केलं नव्हतं. पण तू इतका खूश होतास."

त्या संध्याकाळी माळ हातात घेतल्यावर माझ्या मनात हेच घोळत राहिलं. वन्संची जांभई खरी होती, हातही खरोखर उठत होता, पण त्यात वन्सं कुठेच नव्हत्या. आणि ह्यांच्या जांभया सगळ्या खोट्या, पण त्या एकेका खोट्या जांभईत हे पूर्णच्या पूर्ण होते. बाहेरून बघणाऱ्याला दोघांची तोंडं सारखीच उघडी दिसली असती. वरून बघणाऱ्याला मात्र फरक दिसत असेल, असं मला वाटतं. मी पुढचा मणी जरा थांबून ओढला.

पुढच्या खेपेला बाईंनी पेले मांडले तेव्हा वन्संनी त्यांना आपला नेहमीचा प्रश्न विचारला. हे पेले इथून तिथे ठेवायचे, ते कशासाठी? बाई म्हणाल्या, हात हलावा म्हणून.

"हात हलावा म्हणून हात हलवायचा? हे म्हणजे दोरा संपवायला टाके घालण्यासारखं झालं."

बाईंना राग आला नाही. उलट त्यांनी पेले उचलून पिशवीत टाकले. म्हणाल्या, तुमचं काम मागवा, मी हेच सुचवणार होते, पण तुम्ही दमाल म्हणून थांबले होते.

काजवालीने दुकानातून कुणाचा तरी शर्ट आणला. वन्सं तो घेऊन कामाला बसल्या, पण काही होईना. हात जास्तच आखडायचा. काजवाली म्हणाली, मावशी, दुकानाचा विचार करू नका. पण डोक्यात दुकानच बसलं होतं. कॉलरीकडे बघितलं की त्यांना किल्ली दिसायची.

मग एका सकाळी त्यांनी मला वेगळंच सांगितलं. ह्यांचा तो निळ्या रेघांचा शर्ट आण. मी म्हटलं, तो कशाला, तो मी पुसायला काढणार आहे.

"पुसायला? इतके दिवस माझ्यासमोर मान वर करकरून जांभया देत होता बिचारा. त्या कॉलरीच्या चिंध्या बघून माझा जीव वरखाली होत होता. आण तो इकडे."

शर्ट आला. उजव्या हाताने उसवायचं काम तर होईल, पण कापड धरणार कोण? बाईंच्या सांगण्यावरून डावा हात उचलून कापडावर ठेवायचा, नुसता वजन म्हणून. उजवा उसवायचा, डावा निजून असायचा. वन्सं त्याच्याशी बोलायच्या. "पड तिथेच. फुकट खातोस, निदान कापड उडू देऊ नकोस." असे कितीतरी दिवस गेले. ह्यांनी शर्टाबद्दल विचारलं की मी धुवायला टाकलाय म्हणायची. ते म्हणायचे, एक शर्ट धुवायला एवढा वेळ?

एका दुपारी शर्टाची बाही लोंबून जड झाली आणि अख्खा शर्ट टेबलावरून सरकू लागला. तेवढ्यात डाव्या हाताची करंगळीकडची बाजू खाली दाबली गेली आणि शर्ट तिथेच थांबला. मी समोरच होते. म्हटलं, वन्सं, दाबलंत तुम्ही. मला हुंदकाच आला.

"थांब वहिनी. कापड सटकलं म्हणून हात दचकला. मी अजून काही केलेलं नाही."

देवाने हातावर ठेवलेलं दान कुणी असं परत करतं का, असं क्षणभर मला वाटलं. त्यांनी उजव्या हाताने डावा हात कापडावरून काढला आणि टेबलाच्या कडेला नेऊन ठेवला. शर्ट नीट पसरला. मग कॉलरीकडे बघत बसल्या. माझ्या ओठांवर देवाचं नाव आलं, आणि या वेळी ते नुसतं ओठांवर नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांचा खांदा हलला. मग कोपर टेबलावर घासत पुढे सरकलं, त्याच्यामागून मनगट, जड कपाट दोघांनी ढकलत न्यावं तसं. हात शर्टापाशी आला, काठावर चढला आणि करंगळीकडून दाबला गेला. वन्संनी उजव्या हाताने शर्ट ओढून बघितला. शर्ट हलला नाही.

"हे केलं," त्या म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

उन्हाळा उतरणीला लागला तेव्हा हात कापड धरू लागला होता. पूर्वीसारखा नाही, पण सांगितल्या ठिकाणी जायचा आणि सांगेपर्यंत तिथे राहायचा. टीप मारायची ती दुकानातल्या मशीनवरच, असं वन्संनी ठरवलं. हे त्यांना घेऊन निघाले, मी मागे शर्टाची पिशवी घेऊन.

दुकानाशी पोचलो तर दोन पायऱ्यांच्या कडेला, भिंतीत नवा लोखंडी गज बसवलेला. सिमेंटही ताजं दिसत होतं. वन्संनी भावाकडे बघितलं. "हा कशासाठी?" हे म्हणाले, गिऱ्हाइकांसाठी, म्हातारी माणसं येतात. कॉलर अजून लागलेली नव्हती, शर्त अजून जिंकायची होती, आणि गज आधीच बसला होता. उजव्या हाताने त्यांनी तो धरला आणि वर चढल्या.

मशीनवर त्यांनी कॉलर जुळवली. उजवा पाय पायट्यावर, उजवा हात चाकावर, डावा कापडावर. मशीन सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. शेवटच्या टोकाला डावा हात थोडा भरकटला. ह्यांनी दोरा तुटायची वाट न बघता शर्ट ओढून घेतला, अंगात घातला, म्हणाले, झालं ताई, दुकान तुझं.

वन्संनी त्यांना वळायला सांगितलं आणि मानेमागे बघितलं. "काढ. वाकडी आहे. कॉलर उलटायची शर्त होती, वाकडी करायची नव्हती."

काजवाली रडकुंडीला आली. "राहू द्या ना मावशी. मागून कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

आणि त्यांनी ती पुन्हा उसवली. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस आम्ही रोज दुकानात जात होतो. ती कॉलर किती वेळा उसवली ते मी मोजलं नाही, मोजवलंही नसतं. कापड आणखी थोडं उसवाउसवीने विरतं की काय, अशी मला धास्ती. पण एका दुपारी वन्संनी टीप मारली, शर्ट उजेडात धरला, कॉलरीची दोन्ही टोकं एकमेकांना लावून बघितली आणि भावापुढे केला. त्यांनी तो घातला. वन्संनी मानेमागून बोट फिरवलं. मग काजवालीला म्हणाल्या, खुंटीवरचा तो कोट दे, तीन दिवस झालेत म्हणे त्याला येऊन, आणि हसत काय बसलीस?

संध्याकाळी दुकान बंद केलं. किल्ली वन्संच्या कनवटीला. उंबऱ्यावर आल्या आणि थांबल्या. ह्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. चढताना उजव्या हाताला येणारा गज उतरताना डाव्या हाताला आला होता. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. रोज आम्ही दोघं बगलेत धरून त्यांना उतरवत होतो, म्हणून कळलंही नाही. उद्याच्या उद्या दुसऱ्या बाजूलाही एक गज बसवतो, असं ते सांगू लागले.

"राहू दे," वन्सं म्हणाल्या. "येताना उजव्याने यायचं, जाताना डाव्याने. रोज त्याला तेवढं काम होईल. तुम्ही दोघं खाली जाऊन उभे राहा."

आम्ही खाली येऊन उभे राहिलो. वन्संचा डावा हात सावकाश गजापाशी गेला. बोटं त्याच्याभोवती वळली. तेवढ्यात दिवसभराच्या थकव्याने त्यांना जांभई आली, आणि हात गज सोडून आपला आपण वर उठला, थेट छातीपर्यंत. हे पुढे धावणार होते, मी त्यांची बाही धरली.

वन्सं हलल्या नाहीत. अंग दाराच्या चौकटीला टेकवून त्यांनी जांभई पूर्ण होऊ दिली. हात खाली पडला. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "झालं तुझं?"

मग त्यांनी तो पुन्हा गजावर नेऊन ठेवला आणि पहिली पायरी उतरल्या.